खिडकीची सुरक्षा काच

सहजासहजी न फुटणारी, आणि फुटलीच तरी माणसाला खोल जखम न करणारी काच. टफन्ड आणि लॅमिनेटेड हे तिचे दोन मुख्य प्रकार. साध्या काचेचे तावदान फुटले की लांब, धारदार सुळे निघतात. मनगटाची रक्तवाहिनी कापायला त्यातला एक पुरतो. म्हणून काच किती मार सोसते याइतकेच ती कशी फुटते हेही पाहावे लागते.

टफन्ड काच करताना साधी काच मापात कापून, कडा घासून सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि हवेच्या जोरदार झोतांनी झटकन निववतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. मागाहून निवणारा गाभा आकसताना त्याला आत ओढतो. पृष्ठभागावर असा कायमचा दाब राहतो आणि तडा जाण्यापूर्वी तो मोडावा लागतो. त्यामुळे ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असते व फुटल्यास तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. तयार झाल्यावर ती कापता वा भोके पाडता येत नाही. तिची नाजूक जागा म्हणजे कड. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेला असेल, तर काही वर्षांनीही ती कारणावाचून फुटल्यासारखी फुटते. अशा काचा कारखान्यातच फुटाव्यात म्हणून तयार माल काही तास सुमारे २६० ते २९० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात.

मात्र टफन्ड काच फुटली की तावदान पुरते रिकामे होते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरलचा पारदर्शक पापुद्रा असतो; तडे गेले तरी तुकडे त्याला चिकटून चौकटीतच राहतात. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांनी लॅमिनेटेड काचेचे पेटंट १९०९ मध्ये घेतले. उंच मजले, लहान मुलांचे घर, चोरीची भीती, वादळी किनारा या सर्व ठिकाणी लॅमिनेटेड काचच अधिक भरवशाची.

वादळात खिडकी फुटली की वारा आत शिरून छपराला खालून रेटतो. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर फ्लोरिडातील मायामी-डेड परगण्याने कडक चाचणी लागू केली. तीत सुमारे चार किलोचा लाकडी वासा सेकंदाला पंधरा मीटर वेगाने खिडकीवर सोडतात. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळाचा तडाखा बसलेल्या कोकण किनाऱ्यावरील नव्या घरांनीही तावदानांचा असाच गांभीर्याने विचार करायला हवा. चौकट भिंतीत पक्की नसेल, तर महागडी काचही चौकटीसकट उखडते.

भारतात इमारतींच्या सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ (भाग १) हे मानक आहे. खरेदी करताना काचेच्या कोपऱ्यातला न पुसणारा शिक्का पाहावा.

जुनी काच बदलणे शक्य नसेल, तर तिच्यावर पॉलिएस्टरची सुरक्षा फिल्म लावता येते. तिने काचेची ताकद फारशी वाढत नाही, पण तुकडे धरून ठेवले जातात. फिल्मच्या कडा चौकटीला जखडल्यास पकड आणखी पक्की होते. वादळाआधी चिकटपट्टीची फुली मारण्याने काच वाचत नाही. उलट मोठे, जड तुकडे उडण्याचा धोका असतो.

काच कोणतीही असो, मूल पडू नये म्हणून गज किंवा ग्रील लागतेच. डासांची जाळी मुलाचा भार पेलत नाही. ग्रीलचा एक भाग मात्र उघडणारा ठेवावा आणि त्याची किल्ली घरातल्या मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा ठरावीक जागी असावी, म्हणजे आग लागल्यास बाहेर पडता येते.