माळ्यावरचा तवा बिडाचा की घडीव? भंगारात देण्याआधी पालथा करून बघा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून गंजलेला तवा निघतो, भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो. तसलाच तवा शहरात ‘जुना बिडाचा’ म्हणून कितीतरी जास्त दराने विकला जातो. म्हणून देण्याआधी नीट बघितलेलं बरं.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून तवा, कढई, आप्पेपात्र तयार होतं. घडीव भांडं लोहाराने ठोकून केलेलं असतं. चुंबक दोन्हींना चिकटतं, त्यामुळे ती परीक्षा कामाची नाही. बिडाचं भांडं जाड आणि जड, कान भांड्यासोबतच ओतलेले. घडीवावर हातोड्याचे ठोके दिसतात, कान बहुतेक वेळा रिव्हेट मारून बसवलेले. कडेचा टवका उडालेला असेल तर बीड आतून करडं, दाणेदार दिसतं. घडीव वाकतं, बीड फुटतं.

खरी अडचण वयाची. अमेरिकेत हे सोपं आहे, कारण तिथल्या कारखान्यांनी तळाला नाव ओतलं. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा ग्रिस्वोल्ड कारखाना 1957 ला बंद पडला, त्यामुळे ईरीचं नाव असलेला त्यांचा तवा त्याआधीचा. तळाच्या मधोमध लोखंड ओतल्याचा लांबट वळ असेल तर तिकडे तो साधारण 1890 च्या आधीचा धरतात. आपल्याकडच्या लहान ओतशाळांना हा नियम लावून उपयोग नाही. इथले बरेच तवे बिननावाचे.

अक्षरं असलीच तर मात्र ती वाचावीत. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून आला, म्हणजे पिनकोड ओतलेलं भांडं त्यानंतरचंच. ‘मुंबई’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर बहुधा 1995 नंतरचं. उलटं मात्र धरू नये. ‘बॉम्बे’ दिसलं म्हणून भांडं जुनंच असं नाही, जुना साचा पुढेही वापरात राहू शकतो. नुसता आकडा असेल तर तो बहुतेक मापाचा, सालाचा नव्हे.

गुळगुळीतपणावरही जाऊ नये. उलथनं फिरून फिरून तवा गुळगुळीत होतो, आणि नवे तवेही मशीनवर घासून मिळतात. गंज तर दोन पावसाळ्यांत चढतो. नाव नाही, खूण नाही, तरी ‘शंभर वर्षांचा’ म्हणणारा विकायलाच बसलाय असं समजावं. त्यापेक्षा घरातल्या आजीला विचारावं, तवा कुणाच्या लग्नात आला ते ती सांगेल.

गंज घासून जातो, तेल लावून तापवला की तवा पुन्हा चालतो. तडा गेलेला मात्र चालत नाही. कानाला धरून बोटाच्या पेराने टिचकी मारावी, आवाज बदबद आला तर तडा शोधावा. जाळ्याचं शिसं वितळवायला वापरलेल्या कढईत, ती कितीही जुनी असली तरी, भाजी करू नये.