घाटमाथ्यावरची जीप : एका दुरुस्तीचा इतिहास

जुन्नरचे नाव काढले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे शिवनेरी उभा राहतो, नाणेघाट येतो, सातवाहनांचे लेख येतात. आंबेगावचे नाव काढले की घोड नदीचे खोरे आणि भीमाशंकरकडे चढत जाणाऱ्या वाटा आठवतात. या दोन तालुक्यांवर बोलू इच्छिणाऱ्याला विषयांची वाण कधीच पडायची नाही. असे असता जुन्या जीपगाडीच्या दुरुस्तीसारखा तेलकट विषय आम्ही निवडला, याचे काहींना नवल वाटेल. पण नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला तो दगडी रांजण पाहताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडत आला आहे. रांजणात पडणाऱ्या जकातीची आठवण लोकांनी जपली. राजाराणीची नावे खडकावर कोरली गेली. परंतु ज्या बैलांच्या पाठीवरून कल्याण-सोपाऱ्याचा माल घाट चढून आला, त्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारा, फाटलेली गोण शिवणारा माणूस कोण होता? त्याचे काम एक दिवस थांबले असते तर रांजण रिकामा राहिला असता. इतिहासाने वाहतुकीचे हिशेब ठेवले, दुरुस्तीचे ठेवले नाहीत. निदान आमच्या डोळ्यांदेखत घडलेल्या दुरुस्तीची तरी नोंद व्हावी, एवढ्याच हेतूने हा विषय घेतला आहे.

मोटार आणि हा मुलूख यांची गाठ कशी पडली, हे आधी सांगितले पाहिजे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्या चाकाखाली त्याने प्राण सोडला. या खोऱ्याच्या स्मृतीत मोटारीचे पहिले ठळक चित्र हे असे आहे. पुढे घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले, त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव मिळाले, आणि ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने आंबेगावच त्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. जलाशयाच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जे रस्ते गेले, ते जीपचे खरे राज्य.

जीपचा जन्म मात्र सातासमुद्रापलीकडचा. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सैन्याला चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. विलीस आणि फोर्ड मागून आले. विलीसच्या गाडीचे एंजिन बार्नी रूस या अभियंत्याच्या हाताखाली घडलेले, साठ अश्वशक्तीचे होते आणि त्याच्याच जोरावर विलीसचा नमुना पुढे निघाला. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे त्या हिंदुस्थानात आल्या आणि युद्धानंतर डिस्पोजलच्या मालात विक्रीस निघाल्या.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत ‘महिंद्र आणि महंमद’ ही कंपनी निघाली. भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीने १९४८ साली ‘महिंद्र आणि महिंद्र’ हे नाव घेतले. तिने सुटे भाग आणून माझगावला विलीस जीप जोडण्यास त्या दशकाच्या अखेरीस प्रारंभ केला, आणि पुढे परवान्याने जीप येथेच घडू लागली. योगायोग असा की एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे एस. टी. आणि देशी जीप या साधारण एकाच वयाच्या. नारायणगाव, मंचर, ओतूर ही मोठी गावे एस. टी.च्या वाट्याला आली. आहुपे, हातवीज, इंगळूण यांसारख्या पश्चिमेच्या गावांना, विशेषतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत, जीपवाचून गती नव्हती. आजाऱ्याला दवाखान्यात नेणे असो, हिरड्याची पोती बाजारात आणणे असो की आठवड्याच्या बाजाराला जाणे असो, दक्षिणेकडे ज्याला वडाप म्हणतात ती गच्च भरलेली जीप हाच आधार.

आता यंत्राकडे वळू. आपल्याकडे वर्षानुवर्षे बनलेली उंच बॉनेटची जीप सर्वांनी पाहिली आहे. तिचे बॉनेट उंच का, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. विलीसने १९५० साली जुन्या एंजिनात बदल करून आत घेणारा व्हॉल्व्ह डोक्यावर नेला आणि बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. एंजिन उंच झाले, म्हणून १९५३ च्या गाडीला झाकणही उंच करावे लागले. सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे हे चार सिलिंडरांचे एंजिन. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव १११ मिलिमीटर. धाव लांब असल्यामुळे ते वेगात फिरण्यास नाखूश, पण हळू फिरताना नेटाने ओढणारे. पहिला गिअर, खालची श्रेणी आणि मागचा डिफरन्शियल यांचा गुणाकार केला तर एंजिनाच्या सदतीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते. माणसाच्या चालीने, पण न थांबता, लाल चिखलातून ही गाडी वर चढते ती या गुणाकाराच्या बळावर.

परंतु ज्या गुणांनी ती चढते, त्यांतच तिची दुखणीही आहेत. चढणीवर एंजिन जोराने फिरते आणि गाडी मात्र हळू चालते. मग समोरून वारा मिळत नाही, रेडिएटर तापतो. पेट्रोलची नळी तापली की पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपाला ओढायला द्रव राहत नाही आणि गाडी ऐन वळणावर मान टाकते. नवखा चालक कार्ब्युरेटर उघडून बसतो. जाणता चालक पंपावर ओले फडके टाकून निवांत विडी ओढतो. दहा मिनिटांनी गाडी चालू होते आणि नवख्याला वाटते, हा काही मंत्र आहे!

दुसरे दुखणे पाण्याचे. ओढ्यातून गाडी घातली की तापलेला डिफरन्शियल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि खराब सीलमधून पाणी आत ओढले जाते. चार दिवसांनी बूच काढून पाहिले तर तेल दुधासारखे पांढरे. ते बदलले नाही तर बेअरिंग गुणगुणू लागते आणि मग दात जातात. पुढच्या चाकांचे किंगपिन झिजले की विशिष्ट वेगाला स्टिअरिंग असे थरथरते की हातातून सुटेल की काय असे वाटावे. लोक चाकांचा तोल करून घेतात, नवे टायर घालतात. थरथर जात नाही. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहण्यास एक छदामही लागत नाही, पण ती परीक्षा सर्वांत शेवटी होते.

हातब्रेकची गोष्ट तर फारच बोधक आहे. जुन्या जीपचा हातब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. ट्रान्सफर केसचे सील गळू लागले की तेल त्या ड्रममध्ये उतरते आणि अस्तर तेलाने माखते. मालक येऊन म्हणतो, ‘हातब्रेक धरत नाही, आवळून द्या.’ आवळून काही होत नाही. रोग ब्रेकमध्ये नाहीच. तो हातभर पुढे, सीलमध्ये आहे. आम्ही घोडेगावच्या एका जुन्या मिस्तरींकडे बसलो असता असा एक मालक आला. मिस्तरींनी गाडीखाली न जाता प्रथम ती जेथे उभी होती तेथली जमीन पाहिली, तेलाचा ठिपका कोठे पडला आहे ते पाहिले, आणि मग मालकाला म्हणाले, ‘दादा, ब्रेकचं सोडा, आधी गिअरचं तेल किती उरलंय ते बघा.’ तेल जवळजवळ संपले होते. वैद्याने नाडी धरावी तसे हे लोक जमिनीवरचा डाग वाचतात. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एंजिनावर आणि मूठ कानाला लावून कोणत्या सिलिंडरचा आवाज बिघडला आहे हे सांगणारे कान आम्ही याच बाजारपेठांत पाहिले. त्यांतील पुष्कळांनी पुस्तक पाहिलेले नव्हते. म्हणून त्यांना अडाणी म्हणणे हे आपल्या सुशिक्षितपणाचे अजीर्ण होय.

यानंतर आला सुधारणेचा काळ, आणि तो आणला तेलाच्या भावाने. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या. पेट्रोल पिणारी जीप गरिबाच्या दारात उभी ठेवणे अवघड झाले. तेव्हा जीपच्या पोटातले एंजिन काढून डिझेलचे बसविण्याची लाट आली. कोणी ट्रॅक्टरच्या कुळातील एंजिन बसविले. महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल एंजिन परवान्याने बनविले, तेव्हा पुष्कळ जुन्या गाड्यांत तेच आले. त्याची शक्ती जुन्या पेट्रोल एंजिनाहून थोडी कमीच होती. लोकांनी शक्ती वाढावी म्हणून हा बदल केला, असे समजणे चूक आहे. त्यांनी तो केला तो गाडी परवडावी म्हणून.

या बदलाचा खटाटोप मोठा. एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर कातलेली जोडपट्टी घालावी लागे. ती केसभर जरी तिरपी बसली तरी क्लच आणि गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट लवकरच जाब विचारी. डिझेलचे वजन जास्त, म्हणून पुढचे पाटे बसत. मग एकेक पान वाढवावे लागे, आणि पान वाढविले की गाडी दगडासारखी उडे. ट्रॅक्टरचे एंजिन सावकाश फिरणारे. त्याला जुनाच डिफरन्शियल ठेवला तर सपाट रस्त्यावर गाडी बैलगाडीशी शर्यत लावी. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पुन्हा नवी विद्या: नट सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढणे. ही विद्याही येथल्या पोरांनी दोन पावसाळ्यांत आत्मसात केली.

येथे आम्हांला एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. एंजिन बदलले, आसने वाढविली, छताला गज लावले; ब्रेक मात्र जुनेच राहिले. जुन्या जीपला एकच मास्टर सिलिंडर, तोही चालकाच्या पायाखाली चौकटीला लावलेला, सदैव चिखलात. आणि त्यापासून निघणारी सगळी तेलवाट एकच. एखादी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो. नऊ माणसांच्या गाडीत अठरा माणसे घेऊन घाट उतरताना याचा अर्थ काय होतो ते सांगावयास नको. आम्ही स्वतः अशा एका गाडीत होतो. उतारावर ब्रेक थेट पाटीला लागला. चालकाने गिअर खाली टाकत टाकत गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबविली. कोणाला मोठी इजा झाली नाही, परंतु त्या गाडीला नुकतेच नवे एंजिन बसविले होते आणि त्यावर झालेल्या खर्चाचा मालकाला अभिमान होता! दोन भागांचा मास्टर सिलिंडर बसविला तर एक वाट तुटली तरी दुसरी धरते. त्याचा खर्च एंजिनाच्या मानाने किरकोळ. सुधारणेचा क्रम आधी थांबणे, मग वळणे आणि शेवटी धावणे असा असावयास हवा होता. आमच्याकडे तो नेमका उलटा झाला. याचा दोष एकट्या मिस्तरीवर टाकता येत नाही. जेथे दुसरी गाडीच जात नाही, तेथे प्रवाशाला गाडी निवडता येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव जागेवर नाही हे प्रथम कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाला. या डोंगरांत येणारी गाडी म्हणजे केवळ वाहन नव्हे, बाहेरच्या जगाचा डोळा आहे.

गेल्या काही वर्षांत या जुन्या जीपना वेगळे दिवस आले आहेत. पुण्या-मुंबईचे हौशी लोक खोऱ्यांतून जुन्या चेसिस शोधीत फिरतात. डिझेल एंजिन उपटून टाकतात, कोठून तरी मूळ पेट्रोल एंजिन मिळवितात, सैनिकी हिरवा रंग देतात आणि गाडी ‘अस्सल’ झाली म्हणतात. हौसेला आमचा विरोध नाही; त्यांच्यामुळे कितीतरी गाड्या भंगारातून वाचल्या. कायदाही त्यांच्याच बाजूचा. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी नियम केले; त्यांत वाहन मूळ रूपात असावे, चौकट, सांगाडा वा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांवाचून रस्त्यावर आणता येत नाही. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध वाहनात बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे; आम्ही वर वर्णिलेला उतार ज्याने पाहिला तो त्याविरुद्ध बोलणार नाही.

पण इतिहासाच्या दृष्टीने अस्सल कोणती? कारखान्यातून निघाली त्या दिवसाची, की पुढील चाळीस वर्षे बाळंतिणींना घाट उतरवीत राहिली ती? शिवनेरीच्या तटाला निरनिराळ्या राजवटींचे चिरे आहेत. ते काढून आपण त्याला ‘मूळ’ करीत नाही. जीपच्या पोटातले डिझेल एंजिन हा तसाच एक चिरा आहे, आणि आमच्या मते जोडपट्टीच्या कडेला दिसणारी कानसेची खूण ही या खोऱ्याची सही आहे. निदान एखादी तरी जीप अशी, बदललेल्या अवस्थेतच, एखाद्या संग्रहालयात ठेवली जावी.

साधने नाहीत असेही नाही. जुन्या आर. सी. पुस्तकांत एंजिनाचा पहिला क्रमांक खोडून अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी दुसरा लिहिलेला आढळतो. नंतरच्या प्लॅस्टिकच्या कार्डावर ही खाडाखोड उतरत नाही. घोडेगावच्या त्या मिस्तरींनी उठता उठता आम्हांला एक वही दाखविली. तेलाने पाने पारदर्शक झालेली. गाडीचा क्रमांक, गाव, काय गेले, काय घातले, किती बाकी. मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेली एका जोडपट्टीची आकृती होती, भोकांची अंतरे सुतांत लिहिलेली. त्यांतील दोन भोके पुढे शाईने थोडी सरकविली होती. पहिल्या गाडीला ती जुळली नव्हती, असे ते म्हणाले.