लहानपणाचा पुरावा

झाशीच्या परकोटाला दरवाजे अनेक. ओरछा, सागर, भांडेर, उन्नाव, खंडेराव, लक्ष्मी आणि आमचं दतिया गेट. माझं माहेर या गेटच्या आत. सुभेदारीच्या काळात दक्षिणेतून आलेल्या घरांपैकी आमचं एक. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर बुंदेली. मी इतिहास शिकवते, वय सेहेचाळीस. हा लेख मात्र झाशीच्या इतिहासापेक्षा माझ्या इतिहासाचा आहे, कारण गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी मला त्याचे पुरावे मागितले.

निमित्त मुलाचं होतं. शाळेच्या सांगण्यावरून त्याला तपासायला नेलं. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकत नाही, हातपाय आणि मन स्वस्थ बसत नाही, अशी ती अवस्था. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणी असं आहे का?" नवऱ्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं. तेवढ्यावरून मला उत्तर कळलं.

तपासलेल्या उत्तरपत्रिका घरी तशाच, गुण भरायचे राहिलेले. जळालेले कुकर. सुभेदारीवरचा प्रबंध अकरा वर्षं अपुरा. पहिलं प्रकरण पाच वेळा लिहिलेलं, शेवटचं एकदाही नाही. वर्गात तासभर न थांबता बोलणारी मी दोन ओळींचा अर्ज महिनाभर लिहू शकत नाही. याला आजवर मी आळस म्हणत आले.

डॉक्टर म्हणाले, "तुमचीही तपासणी करता येईल. पण लहानपणीचा पुरावा लागेल. प्रगतिपुस्तकं, किंवा तुम्हाला तेव्हा पाहिलेलं कोणीतरी." या निदानासाठी रक्ताची चाचणी नाही. मुलाखत घेतात, जुनी हकीकत ऐकतात. लक्षणं घरी आणि कामावर अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांची सुरुवात बालपणातली असावी लागते. २०१३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची नियमावली सातव्या वर्षाआधीची खूण मागत होती. मग ती मर्यादा बारा वर्षं झाली. 'हल्ली मोबाइलमुळे सगळ्यांचंच असं झालंय' या वाक्याला इथेच उत्तर मिळतं. माझ्या लहानपणी मोबाइल नव्हता.

सवयीने मी या निदानाचाच इतिहास वाचायला घेतला. शिवराव भाऊंच्या कारकिर्दीत, १७९६ ते १८१४ या काळात, झाशीभोवती परकोट उभा राहिला. त्याच सुमारास, १७९८ मध्ये, अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने मनाच्या विकारांवरच्या ग्रंथात अवधानाच्या बिघाडाला स्वतंत्र प्रकरण दिलं. काही माणसं जन्मतःच अशी असतात, हे त्याने नोंदवलं; सुदैवाने वयाबरोबर हे बहुधा कमी होतं, असंही लिहिलं. ही समजूत पुढे जवळजवळ दोनशे वर्षं टिकली. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांनी दोष ठेवला तो नैतिक संयमाच्या उणिवेवर. त्यांच्या पाहणीत मुलगेच जास्त होते. १९६८ च्या नियमावलीतही हा बालपणीचाच विकार होता. १९८० मध्ये मोठ्यांसाठी 'उरलेला अंश' असा एक कोपरा मिळाला. म्हणजे मी शाळेत होते तेव्हा माझ्यासारख्या, वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर हरवणाऱ्या मुलीला पाहायला कोणाकडे चौकटच नव्हती.

आपल्याकडे शब्द होते: वेंधळी, धांदरट, बेफिकीर. पतंजलींनी योगातल्या नऊ अडथळ्यांत व्याधी, प्रमाद, आळस आणि अस्थिरता वेगवेगळ्या मोजल्या आहेत. आम्ही घरात सगळं एकाच खात्यात, आळसाच्या, टाकत आलो.

पुरावा शोधायला माहेरी गेले. पेटीतली प्रगतिपुस्तकं वाळवीने खाल्लेली. उरली साक्षीदार एकच, आई, वय एकोणऐंशी. तिला विचारायला मी चार दिवस लावले. झाशीत अजूनही कोणी विचित्र वागलं की 'आग्र्याला पाठवा' म्हणतात. पुण्याकडे येरवड्याचं नाव घेतात तसंच. ही भीती हवेतून आलेली नाही. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी वेडाविषयीचे तीन कायदे केले. पुढच्या वर्षी आग्र्याचं इस्पितळ सुरू झालं. १९१२ चा कायदा स्वतंत्र भारतातही १९९३ पर्यंत लागू होता. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे दंडाधिकारी, कुलूप आणि घराण्याची बदनामी, हे पिढ्यांनी पाहिलेलं. रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क आहे, असं २०१७ चा कायदा सांगतो. पण आमच्या गल्लीला तो अजून माहीत नाही.

शेवटी भाजी निवडताना विचारलं. आई आधी घाबरलीच. "आग्र्याला जायचंय का तुला?"

"नाही गं. इथेच. नुसतं बोलायचंय."

बराच वेळ ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "तुला गेटबाहेर दही आणायला पाठवायचं तर मी तुझ्या तळहातावर पेनाने लिहून द्यायचे. दही आणायचं, भांडं परत आणायचं. तरी भांडं तिथेच राहायचं. तुझी आजी म्हणायची, आईने वळण लावलं नाही. मलाही तसंच वाटत आलं."

इतकी वर्षं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या आळसाचा दंड आईही भरत होती.

तोवर माझा हिशेब फक्त स्वतःपुरता होता. या वयात कागद घेऊन काय करायचं? गोळ्या घेतल्या तर कोणत्या? मिथिलफेनिडेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं; चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि माझा रक्तदाब आधीच वरचा. शिवाय अपुरी झोप, थायरॉइड, उदासी, रजोनिवृत्तीचे दिवस यांनीही लक्ष उडतं; डॉक्टर ते आधी तपासतील आणि कदाचित 'हे ते नाही' म्हणतील. तसं झालं तर हाती काहीच नाही, असं वाटायचं.

आता तसं वाटत नाही. 'नाही' हेही उत्तरच. शिवाय इतिहासाच्या माणसाला एवढं कळायला हवं होतं, की कागद वाळवी खाते आणि साक्षीदार कायमचे राहत नाहीत. दोन वर्षांनी जायचं ठरवलं, तर विचारायला कोणी असेलच असं नाही.

पुढच्या महिन्यात जाणार आहे. आई बरोबर येणार आहे. तारीख मी लिहीन म्हणाले, तर तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि कालनिर्णयावर स्वतः लिहिली.