खाणावळीची वही आणि बँकेचं खातं

1915 साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी पाइपांतून खाली यायचं आणि त्यातून तयार झालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना जायची. माझं गाव कुंभिवली याच खालापूर तालुक्यात. त्यामुळे गिरण्यांच्या यंत्रांना वीज कुठून मिळायची हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. पण त्या यंत्रासमोर पाळी भरणाऱ्या माणसाला जेवण कुठून मिळायचं?

कोकणातून, साताऱ्याकडून आलेला कामगार बहुतेक वेळा एकटाच असायचा. बायकापोरं गावी. मुंबईत एका खोलीत अनेकजण, पाळीपाळीने झोपणारे. स्वयंपाकाला ना जागा, ना वेळ. तो जेवायचा चाळीतल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत. ती कुणी गिरणी कामगाराची बायको असायची, कुणी विधवा, कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलेलं. दहा-बारा फुटांच्या खोलीत तिचा संसार आणि धंदा दोन्ही चालायचे. पहाटेपासून स्टोव्ह पेटलेला, पाळीच्या भोंग्यावर जेवणाची वेळ ठरलेली.

या धंद्याचा हिशोब नीट बघा. कामगार महिनाभर जेवणार आणि पैसे पगाराला देणार. म्हणजे तोवरचं तांदूळ, पीठ, रॉकेल बाईने घालायचं. ते ती वाण्याकडून उधारीवर आणायची, नाहीतर सावकाराकडून कर्ज काढायची. आज स्टार्टअपवाले ज्याला ‘वर्किंग कॅपिटल’ म्हणतात, ते ती जबर व्याजाने उभं करत होती. तरीही कागदोपत्री ती कुणीच नव्हती: ना उद्योजक, ना कामगार.

1973-74 च्या गिरणी संपात हे उघडं पडलं. पगार थांबला, पण जेवणाऱ्यांना उठवायचं कसं? अनेक बायकांनी भांडी, दागिने, मंगळसूत्रंसुद्धा गहाण टाकली आणि ताटं वाढणं चालू ठेवलं. संप युनियनचा होता, पण त्याचं कर्ज या बायकांच्या डोक्यावर चढलं.

गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, डाव्या चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं. त्यागाचं कौतुक करून थांबणं सोपं होतं. त्यांनी साधा प्रश्न विचारला: या बायकांना बँक कर्ज का देत नाही? 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. 1972 पासून गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची योजनाही होती. अडचण तारणाची होती. मग बायकांचे गट झाले आणि गटातल्या बायका एकमेकींच्या हमीदार झाल्या. 1975 मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं राहिलं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा जोब्रा गावातला गाजलेला प्रयोग सुरू झाला तो 1976 मध्ये, म्हणजे त्यानंतर.

इथे ‘यश’ या शब्दाचा अर्थ बदलतो, असं मला वाटतं. आमच्या क्षेत्रात यश म्हणजे वाढीचा आलेख, व्हॅल्युएशन, कंपनी विकून बाहेर पडणं. खाणावळवालीची खोली काही मोठी होणार नव्हती. पंचवीस माणसांच्या जागी अडीचशे जेवणार नव्हती. तिचं यश वेगळं होतं: सावकार दारात उभा न राहणं, कर्जाच्या कागदावर स्वतःचं नाव असणं, हप्ता फेडून पुन्हा कर्ज मागायची पत असणं. शेजारणीचा हप्ता थकला तर तो आपलाही प्रश्न, हेही त्याच यशात होतं. एकटीने पुढे निघून जाणं या हिशोबात बसतच नव्हतं.

18 जानेवारी 1982 ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले अनेकजण परत गिरणीत गेलेच नाहीत. खाणावळीचं गिऱ्हाईकच संपलं. केवळ नफा बघणारा धंदा तिथेच बंद झाला असता. पण मंडळाकडे बायकांचे गट होते, एकमेकींवरचा भरवसा होता. ऑफिसांना जेवण पुरवणं, वाशीत नोकरदार बायकांसाठी वसतिगृह, अशी कामं पुढे उभी राहिली.

गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि काचेचे टॉवर आहेत. तिथल्या ऑफिसांत आमच्यासारखे इंजिनिअर ॲपवरून जेवण मागवतात आणि अन्न पोचवणाऱ्या कंपन्यांच्या किमतीवर चर्चा करतात. त्याच जमिनीवर कधीकाळी एका बाईने संपकऱ्याला, पैसे मिळतील की नाही हे माहीत नसताना, रोज ताट वाढलं. आणि नंतर बँकेत जाऊन स्वतःच्या सहीने कर्ज घेतलं. मुंबईच्या उद्योगांचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच पानावर याव्यात.