धूर आणि सोरा

आंब्याचे झाड स्वभावतः लहरी. एका वर्षी ते मोहराने लवून जाते आणि पुढल्या वर्षी नुसती पालवी दाखवून धन्याची बोळवण करते. ही लहर मोडण्याचा मोठा चिकाटीचा उद्योग फिलिपाईन्स बेटांतील बागाइतदारांनी केला. तेथील ‘काराबाओ’ जातीच्या झाडाखाली ओलसर पालापाचोळा व गवत पेटवावयाचे, ज्वाळा उठू द्यावयाची नाही, आणि दाट धूर फांद्यांतून सतत खेळता ठेवावयाचा, अशी ही रीत होती. हा क्रम कित्येक दिवस चाले. धुरात एथिलीन नावाचा वायू असतो व तो मोहरास चालना देतो, हा उलगडा शास्त्राने मागाहून केला. शेतकऱ्याचे काम त्यावाचून अडले नव्हते. अडचण होती ती श्रमाची. धुनीपाशी बसावयास माणसे आणि जाळावयास पुरेसा पाला ज्याच्यापाशी, त्यालाच हा उपाय परवडे.

ही अडचण रामोन बार्बा या फिलिपिनो शास्त्रज्ञाने दूर केली. धुराऐवजी त्यांनी पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे बंदुकीच्या दारूत पडणारा सोराच, पाण्यात विरघळवून पानांवर फवारला आणि इ. स. १९७४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभर भाग पाण्यास एक भाग सोरा, एवढेच ते मिश्रण. परंतु थोड्याच आठवड्यांत झाड मोहरू लागे. फांदी मात्र जून हवी. कोवळ्या पालवीवर फवारा व्यर्थ; सोरा निजलेल्या कळीस जागे करतो, नसलेली तयारी निर्माण करीत नाही. बार्बांनी या युक्तीचे पेटंट घेतले, तथापि शेतकऱ्यांकडून मोबदला उकळला नाही. या औदार्यामुळेच ती गरीब बागांपर्यंत पोहोचली. इ. स. २०१४ मध्ये त्यांना ‘राष्ट्रीय शास्त्रज्ञ’ ही पदवी मिळाली.

अवेळी आलेला मोहर फुकट मिळत नाही, हेही खरे. पावसाळी हवेत तो तुडतुडे आणि बुरशी यांच्या तावडीत सापडतो, आणि सोऱ्यात वाचलेला पैसा कीटकनाशकांत जातो.

कोकणातील हापूसची लहर वेगळ्या वाटेने आवरावी लागली. येथे पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्य पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती मातीत घालतात. झाडाची वाढ घडविणाऱ्या जिबरेलिनाच्या निर्मितीस ते आळा घालते. पालवीचा जोर ओसरतो आणि मोहरास वाव मिळतो. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने त्याच्या मात्रा ठरवून दिल्या आहेत, आणि त्या झाडाच्या विस्तारावरून मोजावयाच्या असतात.