खिशाचा झगा : क्लेअर मॅकार्डेल आणि अमेरिकी तयार कपड्यांचा धंदा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यू या रस्त्याच्या आसपास स्त्रियांच्या तयार कपड्यांचा जो प्रचंड धंदा एकवटला होता, त्याची सारी मदार पॅरिसवर होती. कारखानदार आपली माणसे हंगामागून हंगाम पॅरिसला धाडत, तिथल्या नामांकित शिवणघरांचे नवे नमुने पाहून त्यांची चित्रे आणवत, आणि त्याबरहुकूम स्वस्त कापडात शेकडो नग शिवून देशभरच्या दुकानांत पोहोचवत. झगा बेतला कोणी, हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नसे, कारण गळ्यामागच्या पट्टीवर नाव असे ते कारखान्याचे किंवा दुकानाचे. याच धंद्यात राहून, याच कारखान्यांच्या यंत्रांवर, पॅरिसची नक्कल न करता कपडे घडवणाऱ्या क्लेअर मॅकार्डेल यांची कारकीर्द अमेरिकी वेशभूषेच्या इतिहासात म्हणूनच निराळी ठरते.

मॅकार्डेल यांचा जन्म १९०५ साली मेरीलँड राज्यातील फ्रेडरिक या गावी झाला. न्यूयॉर्कला, आज पार्सन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाशाळेत, त्या वेशभूषा शिकल्या आणि त्याच शिक्षणाचा एक टप्पा म्हणून पॅरिसलाही राहिल्या. तिथे हंगामाच्या अखेरीस स्वस्तात निघणारे उंची कपडे विकत घ्यायचे, टाका न् टाका उसवून त्यांचे तुकडे पसरायचे आणि पुन्हा जोडून पाहायचे, असा त्यांचा अभ्यास होता. मादलेन व्हिओने या फ्रेंच बाईंच्या कपड्यांकडे त्यांचा विशेष ओढा होता. व्हिओने कापड उभ्या-आडव्या धाग्यांशी तिरका कोन साधून कापत, त्यामुळे एरवी ताठ राहणारे कापड अंगासरशी लवते आणि हालचालीबरोबर सैल होते. पॅरिसकडून मॅकार्डेल यांनी घेतले ते हे कापडाचे शास्त्र, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे.

१९३१ मध्ये रॉबर्ट टर्क या वेशकाराच्या मदतनीस म्हणून त्या टाउनली फ्रॉक्स या कारखान्यात आल्या. पुढच्याच वर्षी टर्क बुडून मरण पावले आणि त्यांचा अर्धवट राहिलेला हंगामाचा संच पुरा करण्याचे काम या तरुण मदतनिसावर आले. १९३८ साली त्यांनी ‘मोनॅस्टिक’, म्हणजे मठवासीयांच्या पायघोळ वस्त्रासारखा, झगा काढला. त्याला कंबरेचा बेत नव्हता, कापड अंगालगत आणण्यासाठी घालतात ते टक्स नव्हते. खांद्यापासून सरळ लोंबणारा तो झगा बाईने स्वतः पट्टा बांधून आपल्या अंगाजोगा करायचा होता. तो तुफान खपला आणि तितक्याच वेगाने त्याच्या नकला बाजारात आल्या. कपड्याच्या बेताला अमेरिकी कायद्यात पुरेसे संरक्षण नव्हते. नकलांशी झगडण्याच्या खर्चाखाली टाउनलीलाच काही काळ दार लावावे लागले. हा झगा घडवणारीच्या हाती त्यातून काय उरले, हा प्रश्न त्या काळच्या धंद्याबद्दल बरेच सांगून जातो.

१९४० मध्ये कारखाना ॲडॉल्फ क्लाइन यांच्या हाताखाली पुन्हा सुरू झाला, मॅकार्डेल परत आल्या आणि आता पट्टीवर त्यांचे नाव आले. त्याच वर्षी जर्मन फौजांनी पॅरिस घेतले, नमुन्यांचा झरा आटला. १९४२ पासून युद्धोत्पादन मंडळाच्या ‘एल-८५’ या आदेशाने स्त्रियांच्या कपड्यांना किती कापड लागावे यावर बंधने घातली. या टंचाईतच मॅकार्डेल यांचे सर्वांत मोलाचे काम झाले.

घरकामाला बाई मिळेनाशी झालेल्या, स्वयंपाकघरात स्वतः राबणाऱ्या गृहिणींसाठी १९४२ मध्ये त्यांनी ‘पॉपओव्हर’ बेतला. निळ्या डेनिमचा, म्हणजे तोवर मजुरांच्या कपड्यांना लागणाऱ्या जाड सुती कापडाचा, हा झगा पुढून एका पल्ल्यावर दुसरा पल्ला घेऊन गुंडाळायचा असे. त्याला एक मोठा खिसा होता, आणि गरम भांडी उचलायला त्याच कापडाचा, कापूस भरलेला हातमोजा झग्यालाच जोडलेला होता. उंची पोशाखात हातमोजा शोभेसाठी असे. इथे तो चुलीपाशी लागणारा म्हणून आला, आणि हा एक तपशील अनेक पानांच्या विवेचनापेक्षा या वेशकर्तीची दृष्टी अधिक स्पष्ट करतो. कामाचा पोशाख म्हणून गणना झाल्यामुळे त्याची किंमत ६.९५ डॉलर ठेवता आली आणि पहिल्याच हंगामात सुमारे ७५,००० नग विकले गेले.

त्यांच्या इतर कपड्यांतही हीच दृष्टी दिसते. बाईला दुसऱ्याच्या मदतीविना कपडा घालता यावा म्हणून बंद पाठीवर न ठेवता बाजूला किंवा पुढे आणायचे, शोभेच्या गुंड्यांऐवजी उघडे दिसणारे पितळी हूक लावायचे, पुरुषांच्या कामाच्या कपड्यांवरची दुहेरी शिलाई वरून दिसू द्यायची, आणि खिसे द्यायचे. बायकांच्या कपड्याला खिसा असणे ही आजही गृहीत धरण्याजोगी गोष्ट नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहाचे वजन कळते. सुती कापडावर त्यांचा फार जीव होता, त्यात भारतातून जाणाऱ्या चौकडीच्या मद्रास कापडाचाही समावेश होता. पादत्राणांवर नियंत्रण आले तेव्हा त्यांनी नर्तकींच्या सपाट बुटांना जाड तळ लावून घेतले आणि ते रस्त्यावर घालण्याजोगे केले.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, क्रिस्त्यॉं द्योर यांनी आवळलेली कंबर आणि वारेमाप घेर परत आणला, आणि अमेरिकी दुकाने पुन्हा पॅरिसकडे वळली. मॅकार्डेल यांच्याही घागऱ्यांना घेर आला, पण आतून पोलादी कांब्या आणि अस्तर घालून शरीराला आकार देणे त्यांनी स्वीकारले नाही. १९५५ मध्ये ‘टाइम’ने त्यांना मुखपृष्ठावर घेतले.

१९५८ च्या मार्चमध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. अखेरचा संच त्यांनी आजारपणातच, पार्सन्समधल्या जुन्या सहाध्यायी मिल्ड्रेड ऑरिक यांच्या मदतीने पुरा केला, आणि तो मांडला गेला तेव्हा त्या रुग्णालयातून उठून तिथे हजर राहिल्या. त्यांच्या पश्चात दुसऱ्या कोणी त्यांच्या नावाने कपडे काढू नयेत असे कुटुंबीयांनी ठरवले आणि ती पट्टी शिवणे बंद झाले.