किल्ली आपल्या खिशात, नंबर त्यांच्या सर्व्हरवर

मंडळी, स्टेशनबाहेर किंवा मंडईच्या कोपऱ्यावर छत्रीखाली बसणारा किल्लीवाला आठवा. समोर कानस, फळीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. मूळ किल्ली दिली की दहा मिनिटांत दुसरी हातात. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जुनी मारुती ८००, सगळ्यांना त्याच्याकडे औषध होतं. आज त्याच्यापुढे नव्या गाडीची किल्ली धरा. तो तिचं जाडजूड प्लास्टिकचं डोकं बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "चिपवाली आहे का?" असेल, तर तो धातू कापून देईल, त्याने दारही उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही.

हे असं का झालं याची गोष्ट मला सांगायची आहे. थोडी इंजिनिअरिंगची आहे, पण बरीचशी सार्वजनिक धोरणाची.

गाडीची चोरी अवघड करायची तर कायदा लागतो, हे युरोपला आधीच कळलं होतं. स्टिअरिंगला कुलूप ही जुनी युक्ती. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकात ते नव्या-जुन्या सगळ्याच गाड्यांना सक्तीचं केलं आणि तिथे चोऱ्या घटल्या. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना सक्ती केली. चोर काय करणार? जुन्या गाड्यांकडे वळले. हा फरक लक्षात ठेवा.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६च्या कॉर्व्हेटमध्ये वेगळा प्रयोग केला. किल्लीच्या पात्यात एक छोटासा रेझिस्टर बसवला. गाडी त्याचा रोध मोजायची आणि आकडा जुळला तरच सुरू व्हायची. कल्पना झकास, पण आकडे होते एकूण पंधरा! म्हणजे पंधरा तुकडे खिशात असले की काम भागलं.

खरा बदल १९९०च्या दशकात जर्मनीत झाला. बर्लिनची भिंत पडल्यानंतर तिथे गाड्यांच्या चोऱ्या भयंकर वाढल्या आणि विमा कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या रेट्याने १९९५ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर आला. पाठोपाठ युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा केला.

यंत्रणा समजायला सोपी आहे. किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही (किल्लीतली बॅटरी दाराच्या रिमोटसाठी असते). इग्निशनभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातूनच चिपला वीज मिळते. गाडीचा कॉम्प्युटर एक आकडा फेकतो, चिप आपल्या गुप्त कळीने त्यावर गणित करून उत्तर देते. उत्तर चुकलं की इंधन बंद. काही गाड्या सेकंदभर सुरू होतात आणि गप्प बसतात. मेकॅनिकसुद्धा आधी पेट्रोल पंप तपासत बसतो.

याचा उपयोग झाला का? झाला, आणि भरपूर झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ चे आकडे तपासले, तेव्हा इमोबिलायझरमुळे गाडीचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उलट बाजूने पुरावा हवा असेल तर अमेरिका बघा. तिथे सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किया यांनी बरीच वर्षं तिथल्या स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझर दिलाच नाही. २०१५ च्या मॉडेलांपैकी बाकी कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो स्टँडर्ड होता, या दोघांच्या फक्त २६ टक्क्यांत. मग पोरांनी व्हिडिओ टाकले: स्टिअरिंगखालचं आवरण उचकटा, यूएसबी केबलचं टोक घालून फिरवा, गाडी चालू. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्तासुरक्षा खात्याने या प्रकारात किमान आठ मृत्यू झाल्याचं सांगितलं. शेजारच्या कॅनडात २००७ पासून सक्ती होती, म्हणून त्याच कंपन्यांच्या गाड्या तिथे अशा सहज उचलता येत नव्हत्या.

म्हणजे मी इमोबिलायझरच्या विरोधात नाही, हे स्पष्ट असू द्या. माझी तक्रार त्याच्याबरोबर गुपचूप जे हातातून गेलं त्याबद्दल आहे.

पूर्वी किल्ली ही वस्तू होती. आता ती एक नोंद आहे, आणि ती नोंद कंपनीकडे राहते. १९९०च्या दशकात फियाट युरोपात गाडीबरोबर एक लाल मास्टर किल्ली द्यायची. नव्या किल्ल्या गाडीला 'ओळखवायला' तीच लागायची. ती हरवली तर इंजिनाचा कॉम्प्युटरच बदला! पुढे कंपन्यांनी हे सुधारलं, पण कळ आपल्याच मुठीत ठेवून. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची एकुलती एक उरलेली किल्ली गेल्या वर्षी प्रवासात हरवली. आरसी, आधार, पोलिसांकडची नोंद, सगळं घेऊन ते शोरूमला गेले. उत्तर मिळालं, गाडी टो करून आणा, किल्ली वरून मागवावी लागेल. सोळा दिवस गाडी जागची हलली नाही. मालक हजर, कागद हजर, गाडी दारात, आणि तरी ती त्यांची नाही अशी अवस्था. काकू वैतागून म्हणाल्या, "चोराला लागला नसता एवढा वेळ."

कंपन्या म्हणतात, हे गुप्त ठेवलं नाही तर चोरांच्या हाती लागेल. वरवर पटतं. पण २०१२ मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या तीन संशोधकांना मेगामॉस क्रिप्टो या चिपमध्ये दोष सापडला. ती चिप फोक्सवॅगन समूहासह अनेक कंपन्यांच्या गाड्यांत होती. त्यांनी चिप बनवणाऱ्याला रीतसर कळवलं. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या हायकोर्टातून निबंधावर मनाई आणली. निबंध छापला गेला २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून. दोष मात्र एवढा काळ रस्त्यावरच्या गाड्यांत तसाच होता. गुप्ततेने कुणाचं रक्षण झालं हे तुम्हीच ठरवा.

आणि मधला मार्ग आहे. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये कायदा केला: मालकाची ओळख आणि मालकी तपासून नोंदणीकृत कुलूपवाल्याने मागितलं, तर किल्ली बनवायला लागणारी माहिती कंपनीने चोवीस तासांत कधीही द्यायची. म्हणजे कुलूपवाल्याला परवाना, त्याची नोंद, जबाबदारी आणि धंदाही.

आपल्याकडे? २०११ मध्ये एका नागरिकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला. माहिती आणि यंत्रं बाहेरच्यांना मिळाली पाहिजेत, असंही सांगितलं. तेव्हा मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पुढे अपिलं झाली आणि २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाचं गणितच बदलून तो बराच खाली आणला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल उघडलं, त्यात वाहनं आहेत. पण आमच्या किल्लीवाल्याच्या हाती त्यातून काय पडलं? त्याच्यातल्या धडपड्यांनी ऑनलाइन प्रोग्रॅमर मशीन मागवली आणि काम शिकून घेतलं. कुणी त्यांची नोंद ठेवत नाही, कुणी त्यांना अधिकृत माहिती देत नाही. प्रामाणिक कारागीर आणि चोराचा साथीदार एकाच अंधारात बसवलेत आपण.

जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस देत राहू असं दोघांनी सांगितलं, ठीक. पण बीट किंवा फिगो चालवणाऱ्याच्या किल्लीचा कोड आणखी दहा वर्षांनी कोण सांभाळणार, याची कायदेशीर जबाबदारी कुणावर आहे? खासदारांना, ग्राहक पंचायतीला हाच प्रश्न विचारायला हवा.

तोवर घरची कामं. गाडी घेताना मिळालेला किल्ली-नंबरचा बिल्ला आणि कोडचं कार्ड असेल तर फोटो काढून ठेवा. एक किल्ली हरवली असेल तर पोलिसांत नोंद करा, विमा कंपनीला लेखी कळवा. पुढे गाडी चोरीला गेली तर क्लेमला ते सगळ्या किल्ल्या मागतात. हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून पुसून घ्या, बहुतेक गाड्यांत ते होतं. आणि एकच चालू किल्ली उरली असेल तर दुसरी याच आठवड्यात करून घ्या. एक जिवंत असताना दुसरी करणं त्या मानाने स्वस्तात आणि लवकर होतं.

(कुणाला शोरूमचा किंवा बाहेरच्या किल्लीवाल्याचा खर्च माहीत असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि शहर कमेंटमध्ये लिहा.)